तिसरं पेडल

“सगळं नवं आहे, उस्ताद. गिअरबॉक्स नवा, क्लच नवा, ऑइल नवं. तरी रडतोय का?”

गाडीचं दार उघडं होतं. कुबडीवर भार टाकून उस्ताद दस्तगीर मिस्त्री आत वाकून बघत होते. खाली, पाय ठेवतात तिथं.

तिथं तीन पेडलं होती.

महिन्यापूर्वी ही गाडी याच गॅरेजातून गेली, तेव्हा दोन होती.

मी शेजारच्या शेडमधला लेथवाला, लोखंड कातून देणारा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मला लेथआप्पा म्हणतात. खरं नाव पोस्टमनलाही ठाऊक नाही. तीस वर्षं माझं आणि उस्तादांचं पत्र्याला पत्रा लागून चाललंय. त्यामुळं हे जे घडलं ते मी दारात उभा राहून पाहिलं. थोडं माझ्याही अंगावर आलं, तेही सांगतो.

गिअरबॉक्स रडतोय का, हे विचारणारा होता सुकुमार चौगुले. उस्तादांचा चेला. बारा वर्षांपूर्वी इथंच ग्रीसचे डबे पुसायचा. आता पुण्यात त्याचं काचेच्या दाराचं वर्कशॉप आहे. जुन्या परदेशी गाड्या नव्या करतो आणि करताना फोनवर लोकांना दाखवतो. बघणारे लाखांनी आहेत म्हणे. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर स्वतःचंच नाव. आल्या आल्या त्यानं फोनसाठी तिपाई उभी केली, मग उस्तादांच्या पाया पडला. एका पायाला, असं म्हणायला हवं. उस्तादांना एकच आहे.

“गाडी तुझी, का गिऱ्हाइकाची?” उस्तादांनी विचारलं.

“माझीच. आवटे शेटच्या मुलानं विकायला काढली आणि मी उचलली. लहानपणापासून डोळा होता हिच्यावर.”

“व्हय.”

“ऑटोमॅटिक होती, ते बदललं. एवढं दांडगं अमेरिकन इंजिन, आठ सिलिंडर, आणि माणूस आपला झोपाळ्यावर बसल्यासारखा नुसता बसून! पाप होतं ते, उस्ताद. आता कशी गाडी वाटते.”

“आधी काय वाटत हुती?”

सुकुमार हसला. प्रश्न खरा होता हे त्याला कळलं नाही.

आता या गाडीचं सांगायला हवं. ती फाउंड्रीवाल्या आवटे शेटची. लाल रंगाची, लांब नाकाची, साठीच्या दशकातली. उस्तादांनीच ती वर्षानुवर्षं चालती ठेवली. मग उस्तादांचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या वरून. दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात शेट स्वतः आले आणि चावी उस्तादांच्या उशाशी ठेवून म्हणाले, “मिस्त्री, दर रविवारी हिला फिरवून आणायचं. उभी राहून गंजेल.”

गंजणार कोण होतं, ते सगळ्या गल्लीला कळत होतं.

ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. उजव्या पायानं रेस, उजव्याच पायानं ब्रेक. डाव्या पायाला कामच नाही. दर रविवारी सकाळी आठला उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, कुबडी मागच्या सीटवर आडवी टाकायचे आणि पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. येताना केर्लीच्या नाक्यावर चहा. गाडीतून न उतरता. चहावाला काचेतून ग्लास द्यायचा. त्या दोन तासांत त्या माणसाला बघून कुणी म्हणालं नसतं की याला काही कमी आहे.

शेट वारले. मुलानं गाडी विकली. पुढच्या रविवारीही उस्ताद आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजात येऊन बसले. दहापर्यंत बसले.

“चालू कर,” उस्ताद म्हणाले.

सुकुमारनं गाडी चालू केली. उस्तादांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या तोंडाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“क्लच दाब... सोड... दाब... बास. बंद कर.”

“काय आहे?”

“खाली काढ.”

“अख्खा गिअरबॉक्स?”

“मग अर्धा काढतोस?”

सुकुमारनं इकडं तिकडं पाहिलं. पुण्यात त्याच्या हाताखाली सात जण आहेत. इथं एक पाय नसलेला म्हातारा होता आणि मी होतो. मी माझे हात मागे बांधून घेतले. शेवटी त्यानं तो छातीवर नाव असलेला टी-शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. दुपार झाली गिअरबॉक्स खाली यायला. उस्ताद स्टुलावर बसून होते. एकदाच बोलले, “पान्ना उलटा धरलायस.”

क्लचही उतरल्यावर उस्तादांनी इंजिनच्या मागच्या तोंडावर बॅटरी मारली.

“बोट घाल त्या भोकात.”

सुकुमारनं घातलं.

“काय लागतंय?”

“काही नाही.”

“तेच.”

सुकुमारचा चेहरा उतरला. मलाही कळलं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक इंजिनात शिरतं, तिथं त्याला टेकायला एक बुश लागतो, अंगठीएवढा. ऑटोमॅटिकला तो नसतोच, कारण लागत नाही. गाडी बदलताना तो करून बसवावा लागतो. नाहीतर शाफ्ट एका टोकाला अधांतरी फिरतो आणि रडतो.

“किटमध्ये नव्हता तो,” सुकुमार म्हणाला.

“किट कुठलं?”

“परदेशातून मागवलेलं. सगळं एका खोक्यात येतं.”

“तुला ह्याच खड्ड्यात शिकवलं हुतं की रं. ह्याच बोटानं.”

“विसरलो, उस्ताद.”

“व्हय.” उस्ताद कुबडी चाचपत उठले. “विसरायला तुला बरं जमतंय.”

मी गनमेटल धातूचा तुकडा घेतला आणि बुश कातून दिला. उस्तादांनी माप काढलं, दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा काही न बोलता बसवला. मग सुकुमारनं सगळं पुन्हा वर चढवलं. चढवताना तो फोनकडं फिरकलाही नाही. मला वाटलं, उतरली आता हवा. पण छे. हात धुतले, टी-शर्ट चढवला, तिपाईवरचा फोन सुरू केला, की गडी पुन्हा पुणेकर.

“मित्रांनो, मी आत्ता कोल्हापुरात आहे. माझ्या गुरूंच्या गॅरेजमध्ये. तेच उस्ताद, ज्यांच्याबद्दल मी तुम्हाला नेहमी सांगतो...”

ते ‘नेहमी’ काय सांगतो ते मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी भाच्यानं मला दाखवलं, आणि मी अक्कल पाजळून उस्तादांना दाखवलं. त्यात सुकुमार हात जोडून म्हणतो, “माझ्या उस्तादांनी एकदा घाईत एक तार पिळून जोडली आणि पाय गमावला. मित्रांनो, शॉर्टकट मारू नका.”

उस्तादांनी ते शेवटपर्यंत बघितलं होतं. मला एवढंच म्हणाले, “आवाज बारीक कर.”

ती तार काय, ते सांगतो. ऑटोमॅटिक गाडी गिअरात असली की चावीला दाद देत नाही. ती सोय एका तारेत असते. गिअरबॉक्स बदलला की त्या तारेची दोन टोकं लोंबकळत राहतात. ती नीट नव्या क्लचच्या स्विचला जोडायची. पण आळशी माणूस दोन्ही टोकं एकमेकांना पिळतो आणि मोकळा होतो. मग गाडी कधीही चालू होते, गिअरात असली तरी. आणि गिअरात चालू झाली की उडी मारते.

म्हणून उस्तादांच्या गॅरेजात एक नेम होता. ज्यानं तार जोडली, त्यानं बंपरपुढं उभं राहायचं. मागं दोन हातांवर लोखंडी टेबल. गाडी पहिल्या गिअरात टाकायची, आणि क्लच न दाबता चावी दुसऱ्यानं मारायची. काहीच झालं नाही, म्हणजे काम पास. सगळं उद्यमनगर या नेमाला हसायचं, आणि आपली गाडी मात्र इथंच धाडायचं.

बारा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या गाडीचं असंच काम होतं. मी आवाज ऐकून धावलो. सुकुमार सीटवर होता, चावी हातात. उस्ताद बंपर आणि टेबल यांच्या मध्ये होते.

पुढं कोण उभं होतं? उस्ताद. म्हणजे तार कुणी जोडली? हिशोब सरळ होता. दवाखान्यात पोलिसालाही उस्तादांनी तेच सांगितलं. “तार मी जोडलीया. पोराचा काय संबंध न्हाई.” पोर तेव्हा एकोणीस वर्षांचं. एकदा दवाखान्यात आलं, खाटेच्या पायत्याशी उभं राहिलं आणि गेलं ते पुण्यालाच.

त्यानंतर वायरिंगचं काम उस्तादांना कुणी दिलं नाही. लोक म्हणायचे, दस्तगीर गिअरबॉक्स करेल, पण तारेला हात नको. मीही म्हणायचो. तीन गाड्या मी स्वतः दुसरीकडं धाडल्यात.

“मित्रांनो, आता हे बघा,” सुकुमार फोनला सांगत होता. “वायरिंगला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. स्विच क्लच पेडलला. क्लच तळाला दाबल्याशिवाय ही गाडी स्टार्टच होणार नाही. शंभर टक्के सुरक्षित.”

“सुकुमार.”

“जी, उस्ताद.”

“नेम आठवतोय?”

सुकुमार थांबला. मग फोनकडं बघून हसला. “आठवतो की! मित्रांनो, आमच्या उस्तादांचा एक नेम आहे...”

“सांगू नगो. उभा रा.”

तो बंपरपुढं जाऊन उभा राहिला. मागं तेच टेबल होतं. टेबलाच्या लोखंडी पायाला एक पोचा आहे, तो कुणी कधी ठोकून सरळ केलेला नाही.

उस्तादांनी कुबडी माझ्या हातात दिली. सीटवर बसले, उजवा पाय आत घेतला, मग डाव्या बाजूची दुमडून पिन लावलेली विजार हातानं आत ओढली. महिन्यानंतर बसत होते त्या सीटवर. एक हात स्टिअरिंगवरून हळूच फिरवला. मग गिअरचा दांडा पहिल्यात टाकला. खट्ट.

“तार तूच जोडलीस न्हवं?”

“हो, उस्ताद.”

“बघितलीस?”

“हो.”

“नीट?”

“दहा वेळा चालू केलीय, उस्ताद. पुण्याहून येतानासुद्धा...”

“मी ते इचारलं न्हाई.”

फोन चालूच होता. सुकुमार काचेतून उस्तादांकडं बघत होता. त्याचा डावा हात मागं जाऊन टेबलाची कड चाचपत होता.

उस्तादांनी चावीला हात घातला.

“उस्ताद...”

“काय?”

“काही नाही.”

उस्तादांनी चावी फिरवली.

सुकुमारनं बाजूला उडी मारली. साधीसुधी नाही. पार माझ्या अंगावर येऊन आदळला, कुबडी खाली पडली, ग्रीसचा डबा उलटला.

गाडी जागची हलली नाही. नुसतं ‘टक्’सुद्धा झालं नाही. तार बरोबर जोडलेली होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी आयुष्यात पहिल्यांदा भर उन्हात पाहिलं.

उस्ताद सीटवरूनच म्हणाले, “काम पास हाय. उडी कशाला मारलीस?”

सुकुमार उठला. गुडघ्याला ग्रीस लागलं होतं ते पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला. मग तो तिपाईकडं गेला आणि त्यानं आधी फोन बंद केला. हे मी मुद्दाम सांगतो. आधी फोन बंद केला, मग बोलला. आणि बोलला ते पुण्याचं नव्हतं.

“उस्ताद... त्या दिशीची तार म्या जोडल्याली.”

“ठावं हाय.”

“दोन टोकं पिळली हुती नुसती...”

“वर चिकटपट्टी बी लावली न्हवतीस.”

मी त्याच टेबलाला टेकलो. बारा वर्षं मी चहाच्या गाडीवर बसून या माणसाच्या चुकीची गोष्ट सांगत आलो होतो, आणि ऐकणाऱ्यांनी चुकचुकावं म्हणून शेवटी मान हलवत आलो होतो.

“मग तुमी का उभं राह्यलासा पुढं?” मीच विचारलं. राहवलं नाही.

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “चावी मारायची हौस हुती पोराला. सकाळपास्नं मागं लागल्यालं. ‘उस्ताद, पयली चावी मी, पयली चावी मी.’ इचारलं, बघितलंस का? म्हणालं, बघितलं.”

सुकुमार रडायला लागला. उभ्या उभ्या, हात लोंबकळत सोडून.

“मग बोलला का न्हाईसा, उस्ताद? इतकी वर्सं?”

“तू बोलशील म्हणून.”

“बारा वर्सं वाट बघितली?”

उस्ताद समोरच्या काचेतून बघत होते. गॅरेजच्या दारापलीकडं रस्ता आहे, तो पुढं जाऊन पन्हाळ्याकडं वळतो.

“रोज न्हाई,” ते म्हणाले. “रविवार सोडून.”

शेजारी माझी लेथ रिकामीच फिरत होती. ती बंद करायलाही मी गेलो नाही.

सुकुमार पोटभर रडला. मग नळावर जाऊन त्यानं तोंड धुतलं, रुमालानं पुसलं, केसांवरून हात फिरवला. परत आला तो अगदी हलका होऊन. बारा वर्षांचं ओझं पायापाशी टाकून मोकळा झालेला माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. ओझं टाकलं खरं, पण टाकलं कुणाच्या दारात?

“उस्ताद, माफ केलंत ना?”

उस्तादांनी स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसली.

सुकुमारनं ते ‘हो’ धरलं. खोक्यातून सगळं मिळणाऱ्याला तेही मिळतं. तो वाकला, दारातून आत हात घालून उस्तादांच्या गुडघ्याला लावला, तो कपाळाला लावला. मग तिपाईपाशी गेला. फोन पुन्हा सुरू झाला, आणि त्याबरोबर पुणंही.

“मित्रांनो, गाडी तयार आहे. बुश बसलाय, वायरिंग पास झालंय, आणि आजचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.”

तो गाडीकडं वळला. चेहरा खरोखरच उजळला होता. त्यात लबाडी नव्हती, आणि तेच मला सहन होईना. त्याला मनापासून काहीतरी द्यायचं होतं. आता त्याच्यापाशी देण्यासारखं जे होतं ते तो देत होता.

“उस्ताद, उतरू नका. पहिली चक्कर तुमची. पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत. तुम्हीच चालवायची. शेटचा मुलगा सांगत होता, शेटच्या वेळेला जायचात, तशी.”

उस्तादांनी खाली पाहिलं. तिन्ही पेडलांकडं. डावीकडचं नवं कोरं होतं, त्याच्यावरचं रबर अजून चमकत होतं.

चमकदार रबरावर दुमडलेल्या विजारीचं टोक लोंबत होतं.

“बसा ना, उस्ताद,” सुकुमार म्हणाला. “मारा एक चक्कर. मी बाजूला बसतो.”

उस्तादांनी चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“कुठल्या पायानं?”